फोन देण्याआधी कागद मागा

ऑक्टोबर २०२१. हैदराबादच्या रस्त्यांवर पोलीस दुचाकीस्वारांना अडवत होते आणि मागत होते फोन. व्हॉट्सॲप उघडायचं, 'गांजा' असा शब्द टाकायचा आणि जे निघेल ते वाचायचं. लोकांनी फोन दिले. तुम्हीही दिला असता. खाकी वर्दी समोर आली की हात आपसूक खिशात जातो.

पण त्या फोनमध्ये काय काय असतं, आठवा जरा. आईचे रक्ततपासणीचे रिपोर्ट. लेकीचे फोटो. नवरा-बायकोचं भांडण आणि नंतरचा समेट. एक फोन उघडला की अख्खं घर उघडं पडतं. विश्वासानं तुम्हाला काही लिहिणारी मैत्रीणसुद्धा! म्हणून 'माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?' असं म्हणू नका. न्हाणीघराला आपण कडी लावतो, ती काय चोरी लपवायला?

फोन मागितला तर शांतपणे विचारा: कुठल्या गुन्ह्यात? लेखी आदेश आहे का? जप्तच करत असतील तर हुज्जत घालू नका, पंचनाम्याची प्रत मागा. झडती-जप्तीचं चित्रीकरण करायला नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०५ सांगतं, याची नम्रपणे आठवण करून द्या. हे घरातल्या पोरांनाही शिकवा. रस्त्यात अडवलं जातं ते बहुधा त्यांनाच.

आणि फोन खिशात असतानाही माग निघतो. कोणाला कधी फोन केला, किती वेळ बोललात, कुठल्या टॉवरखाली होतात, हे सगळं सीडीआरमध्ये, म्हणजे कॉलच्या नोंदींमध्ये असतं. हरवलेलं मूल शोधायला तेच कामी येतं, हे मान्य. पण २०१८ मध्ये ठाण्यात हेच सीडीआर चोरून विकले जात असल्याचं उघडकीला आलं, खाजगी गुप्तहेर पकडले गेले. (छडा ठाणे पोलिसांनीच लावला, हेही सांगायला हवं.)

फोन टॅपिंगची गोष्ट त्याहून बिकट. आदेश गृहसचिवांचा, फेरतपासणी सचिवांच्याच समितीची. न्यायाधीश कुठेच नाही. तुम्हाला कळवायचं बंधनही नाही. २०१९ मध्ये मुंबई हायकोर्टानं एका व्यावसायिकाच्या टॅपिंगचे तीन आदेश बेकायदा ठरवले, ध्वनिमुद्रित संभाषणं नष्ट करायला सांगितली. त्याच्यावर गुन्हा दाखल होता, म्हणून त्याला निदान कळलं तरी. ज्यांच्यावर गुन्हाच नाही, त्यांना कोण सांगणार?

म्हणून तुम्ही बोला. आत्ता बोला. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगून ठेवलंय. आणि बोललेलं वाया जात नाही. प्रत्येक नव्या मोबाइलमध्ये 'संचार साथी' हे सरकारी ॲप आधीच घालायची सक्ती डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झाली. देशभर ओरड झाली आणि दोन-तीन दिवसांत सरकारनं ती मागे घेतली.

टॅपिंगचा कायदा संसदेचा आहे, म्हणून पत्र तुमच्या खासदारांना लिहा. मराठीतच लिहा, चार ओळी पुरेत. टॅपिंगला आधी न्यायाधीशाची परवानगी हवी. तपास संपल्यावर, ज्याचा फोन टॅप झाला त्या माणसाला कळवायला हवं. बस्स, एवढंच मागा. आज रात्री जेवणं उरकली की ताटं उचलायच्या आधी कागद घ्या, आणि घरातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या.