पिवळा रंग आणि टिंबाची जागा

"छान आहे, पण काहीतरी मिसिंग वाटतंय." आमच्या धंद्यात या वाक्याइतकं धडकी भरवणारं वाक्य नाही. लोगो मोठा करा, लाल कमी करा, साहेबांचा फोटो मधे घ्या, ही कामं चहा निवायच्या आत होतात. पण 'काहीतरी' म्हणजे काय, हे बोलणाऱ्यालाच माहीत नसतं आणि शोधायचं मात्र ऐकणाऱ्यानं. यावर डिझायनर मंडळींनी काढलेला जुना तोडगा म्हणजे तीन ऑप्शन दाखवणं. एक आपल्या मनातला, एक बरा, आणि एक नापसंत व्हावा म्हणूनच केलेला. क्लायंट हटकून तो तिसराच उचलतो. नाहीतर पहिल्याचा रंग, दुसऱ्याची अक्षरं आणि तिसऱ्याची चौकट घेऊन चौथा मागतो.

पॉल रँड या अमेरिकन डिझायनरनं हा खेळ खेळायलाच नकार दिला होता. आयबीएम, यूपीएस, एबीसी अशा बड्या कंपन्यांची बोधचिन्हं त्याच्या हातची. ॲपलमधून १९८५ साली बाहेर पडलेल्या स्टीव्ह जॉब्सनं नेक्स्ट ही नवी कंपनी काढली आणि तिच्या बोधचिन्हासाठी त्याला रँडच हवा होता. रँड आयबीएमशी बांधलेला. जॉब्सनं आयबीएमच्या मागे लागून परवानगी मिळवली. फी ठरली एक लाख डॉलर, १९८६ सालचे. जॉब्सनं विचारलं, काही पर्याय दाखवाल ना? रँडनं सांगितलं, मी तुमचा प्रश्न सोडवून देईन आणि तुम्ही माझे पैसे द्याल. उत्तर वापरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पर्याय हवे असतील तर दुसऱ्या कुणाकडे जा.

डिझायनरांच्या गप्पांत ही गोष्ट संतांच्या चमत्कारासारखी सांगितली जाते आणि इथेच थांबवली जाते. मला तिचा पुढचा भाग जास्त आवडतो, कारण पुढे दोघांचं वाजलं, तेही दोनदा. बोधचिन्ह म्हणजे एक काळा, थोडा कललेला ठोकळा आणि त्यावर चार रंगीत अक्षरं. त्यातल्या 'ई'चा पिवळा आणखी भडक हवा, असं जॉब्सचं म्हणणं. त्यावर सत्तरी ओलांडलेल्या रँडनं टेबलावर मूठ आपटली आणि पन्नास वर्षांच्या अनुभवाचा दाखला दिला. जॉब्स गप्प बसला.

दुसरा वाद व्हिजिटिंग कार्डावरचा. 'स्टीव्हन पी. जॉब्स' या नावातल्या रोमन 'पी'पुढचं टिंब रँडनं अक्षराच्या उजवीकडे, जरा लांब ठेवलं होतं. शिशाच्या खिळ्यांची छपाई होती तेव्हा ते तिथेच बसायचं. प्रत्येक खिळा स्वतंत्र धातूचा, त्यामुळे एका अक्षराच्या पोटाखाली दुसरं काही सहज सरकवता येत नसे. जॉब्सला ते टिंब 'पी'च्या गोलाईखाली हवं होतं, कारण संगणकावर ते जमतं. आणि इथे जॉब्सचं चाललं.

एकच क्लायंट, एकच डिझायनर, मग निकाल उलटे कसे? दोघांच्या मनात काय होतं ते तेच जाणोत. मी माझ्या परीनं उत्तर लावते. पिवळ्याबाबत जॉब्सकडे फक्त आवड होती. टिंबाबाबत त्याच्याकडे कारण होतं, आणि तेही संगणक विकणाऱ्या कंपनीला शोभेलसं. आवडीपुढे पन्नास वर्षांचा अनुभव भारी पडतो. कारणापुढे पडायला नको, आणि रँडसारख्या हेकट माणसाच्या बाबतीतही तो पडला नाही.

म्हणून मी हल्ली टीका ऐकली की वाद घालत नाही, 'का?' विचारते. भांडायचा सूर न लावता. लग्नपत्रिकेच्या कामात याचा भरपूर सराव होतो. मध्यंतरी एका नवऱ्या मुलीच्या आईनं माझ्या सुटसुटीत पत्रिकेत दोन गोष्टी घुसवल्या. 'आमच्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!' आणि खाली चार चिमुरड्यांची नावं. माझ्या रिकाम्या जागेचा जीव गेला. का, विचारल्यावर म्हणाल्या, "अहो, थोरल्या जावयाची आई नुसती ती नावं शोधणार. नसली तर दिवाळसणापर्यंत पुरेल एवढा विषय." याला मी काय उत्तर देणार? मांडणीच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा हे कारण भक्कम आहे. पुढे म्हणाल्या, अक्षर वाढवा, कारण छापील पत्रिका वाचणारे सगळे साठीच्या पुढचे. तरुण मंडळींना आम्ही व्हॉट्सॲपवर धाडतोच. हेही पटलं. वेलबुट्टी काढून टाकली, अक्षर वाढवलं.

मग त्यांना कागद फिका गुलाबी हवा झाला. का? "मला आवडतो." मी त्यांचंच कारण त्यांना परत दिलं: फिक्या गुलाबीवर सोनेरी अक्षरं साठीच्या पुढच्यांना वाचता येतील का? त्यांनी चष्मा काढला, नमुना हात लांब करून धरला आणि म्हणाल्या, "राहू दे पांढराच."

कारणं संपली आणि मानापमान सुरू झाला की मात्र कलेचं काही खरं नाही. फ्रेडरिक लेलँड या जहाज कंपनीच्या मालकानं १८७६ साली व्हिस्लर या चित्रकाराला आपल्या लंडनमधल्या घराच्या जेवणघराच्या रंगसंगतीत थोडी मदत करायला सांगितली. लेलँड बाहेरगावी गेला. इकडे व्हिस्लरनं भिंतीवरच्या जुन्या, किमती चामड्यावर निळाहिरवा रंग चढवला, खिडक्यांच्या झडपांवर सोनेरी मोर काढले आणि बिल लावलं दोन हजार गिनींचं. लेलँडनं निम्मे देऊ केले, आणि तेही गिनींत नव्हे, पौंडांत. तेव्हा गिनी म्हणजे एकवीस शिलिंग, पौंड म्हणजे वीस. सभ्य घरांतून कलावंताचं मानधन गिनींत देत, म्हणजे गिनीमागे कापलेला एक शिलिंग पैशापेक्षा मानाचा होता. व्हिस्लरनं तिथल्याच एका भिंतीवर दोन भांडणारे मोर रंगवले. त्यातल्या श्रीमंत मोराच्या पायाशी नाणी विखुरलेली. लेलँडनं खोली तरीही पुसून टाकली नाही. मरेपर्यंत त्या मोरांसमोर जेवला. ती खोली आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. चित्रकार मात्र १८७९ साली दिवाळखोर झाला, आणि देणेकऱ्यांत लेलँडही होता.

व्हिस्लरची कला माझ्या अंगी नाही, पण त्याच्यासारखा तोंडी व्यवहारही मी करत नाही. कोटेशनमध्येच लिहिते: कामात काय येतं, काय येत नाही, दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, तिसरीपासून वेगळे पैसे, निम्मी रक्कम आधी. आणि शेवटचा शब्द कुणाचा, त्या माणसाचं नाव. या शेवटच्या ओळीनं सर्वांत जास्त भांडणं वाचतात, कारण 'घरी दाखवलं, तर मेव्हणे म्हणाले' हा सल्ला कुठल्याच फेरीत मोजता येत नाही.

फक्त गणेशोत्सव मंडळाच्या अहवालाला ही ओळ चालत नाही. यंदा मी कार्यकारिणीच्या बैठकीत सरळ विचारलं, फायनल कोण करणार? सगळ्यांनी एकमुखानं अध्यक्षांकडे बोट दाखवलं. अध्यक्षांनी मान डोलावली, ठराव झाला, चहा आला. जिना उतरताना खजिनदार मागून आले आणि म्हणाले, "ताई, त्यांना दाखवा, हरकत नाही. पण छापायला द्यायच्या आधी मला एक फोन करा."