नाचून की वाचून? मुळात हा वाद कुणी लावला?

एप्रिल जवळ आला की आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक ओळ फिरायला लागते. 'जयंती नाचून नाही, वाचून साजरी करा.' पाठवणारे बहुतेक आपलेच शिकले-सवरलेले, नोकरीला लागलेले, शहरात फ्लॅट घेतलेले समाजबांधव. त्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण या ओळीत एक गृहीतक लपलेलं आहे. जो नाचतो तो वाचत नाही, आणि जो वाचतो त्याला नाचायची गरज नाही, असं ते गृहीतक. आमचा आक्षेप त्याला आहे.

आधी नाचणारा कोण आहे ते बघा. पाली आणि आसपासच्या वस्त्यांमधली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल डोक्यावर, नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटेपासून फड, रात्री-अपरात्री गाडी भरायची. मार्च-एप्रिलात कारखान्याचा पट्टा पडतो आणि माणसं गावाकडं परततात. परतल्यावर वर्षातला पहिला स्वतःचा दिवस कोणता, तर १४ एप्रिल. पाच-सहा महिने ज्या अंगाला वाकण्यापलीकडं काही करू दिलं नाही, ते अंग त्या दिवशी ताठ होतं आणि उड्या मारतं. त्याला 'वाच' म्हणून सांगणाऱ्यानं आधी त्याच्या लेकराची शाळा कुठल्या फडावर सुटली ते विचारावं.

जगात आपण एकटेच असे नाचणारे नाही. जमैका बेटावर १९५० च्या दशकाच्या अखेरीस 'स्का' नावाचं संगीत जन्मलं. गिटारचा झटका ठेक्याच्या मध्ये, जिथं सहसा जोर देत नाहीत नेमका तिथं, आणि वरून ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा कडकडाट. पाय आपोआप उचलले जातात. हे वाजवणारे कोण होते? किंग्स्टनमध्ये गोरगरिबांच्या मुलांसाठी नन्स चालवत असलेली 'अल्फा' शाळा होती. तिथं पोरांना बँड शिकवायचे आणि त्यातली बरीच पोरं पुढं लष्करी बँडमध्ये जायची. म्हणजे वाद्य हाती दिलं ते साहेबाच्या कवायतीसाठी. त्याच शाळेतून डॉन ड्रमंड, टॉमी मॅकूक यांच्यासारखे वादक निघाले, 'स्काटालाइट्स'मध्ये जमले आणि तीच पितळी वाद्यं त्यांनी आपल्या वस्तीच्या नाचासाठी वाजवली. १९६२ साली देश स्वतंत्र झाला तेव्हा हवेत हेच संगीत होतं.

आता आपल्या हलगीकडं बघा. गावगाड्यात आपल्या आणि मातंग बांधवांच्या हाती वाद्य होतं ते हौसेसाठी नव्हतं. पाटलाचं लग्न, देवीची जत्रा, मेलेल्याची मिरवणूक, दवंडी. बोलावलं की वाजवायचं, मोबदला म्हणून शिळं-पाकं. म्हणूनच बाबासाहेबांच्या हाकेला ओ देऊन आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामं सोडली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कित्येक घरांतून हलगी कायमची उतरली. तो बंडाचाच भाग होता. पण वाद्य हे काही अस्पृश्यतेचं कारण नव्हतं. कुणासाठी, कुणाच्या हुकमानं वाजवायचं, हा प्रश्न होता. आज तीच हलगी निळ्या झेंड्यापुढं कडाडते, तेव्हा हुकूम देणारा पाटील तिथं नसतो.

स्काची गोष्ट जमैकात संपली नाही. मजूर म्हणून इंग्लंडला गेलेल्यांबरोबर ते संगीत गेलं. १९७९ साली कॉव्हेंट्रीत 'टू टोन' नावाचं लेबल निघालं. काळे-गोरे वादक एकाच मंचावर, रस्त्यावर वंशवादी टोळ्या फिरत असताना. पुढं अमेरिकेत स्का आणि पंक एकत्र झाले. बर्कलीकडच्या 'ऑपरेशन आयव्ही' या बँडचा 'एनर्जी' हा १९८९ चा अल्बम त्यातला गाजलेला. बँडचं नाव अमेरिकेच्या १९५२ च्या अणुचाचण्यांवरून घेतलेलं, आणि संगीत मात्र असं की खुर्चीत बसवत नाही. त्यातल्या एका गाण्याचं नाव 'युनिटी', दुसऱ्याचं 'साउंड सिस्टीम'. आपल्याकडच्या डीजेवाल्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणेल, मग आमचं वेगळं काय आहे? खरंच फारसं वेगळं नाही. विषय गंभीर आणि चाल उडती, यात विसंगती आहे असं ज्याला वाटतं, त्याला दुःख करत बसण्याची सवड आहे असं आम्ही समजतो.

भीमगीतांची रीत हीच आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. तिथं हसवता हसवता जातीची चिरफाड व्हायची. वामनदादा कर्डकांनी हजारो गाणी लिहिली. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं त्यांना चळवळ पाठ झाली ती त्या गाण्यांमुळं. म्हणजे वाचनाआधी गाणं आलं, आणि गाण्यानं वाचायला धाडलं. मग ऐंशीच्या दशकात कॅसेट घराघरांत आली. प्रल्हाद शिंदे, त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद यांचा आवाज झोपडीत, टपरीवर, उसाच्या ट्रॅक्टरवर पोहोचला. अलीकडं कडुबाई खरात एकतारीवर गातात आणि मोबाईलवरून ते वस्तीवस्तीत जातं. तिकडं चेन्नईत २०१७ साली 'कास्टलेस कलेक्टिव्ह' उभं राहिलं, तेही गाना आणि रॅपच्या ठेक्यावर जातीवर बोलणारं.

आणि हा आनंद निरुपद्रवी आहे असं कुणी समजू नये. निरुपद्रवी असता तर त्यावरून माणसं मारली गेली नसती. २०१५ साली शिर्डीत आपल्या एका तरुणाचा खून झाला. निमित्त काय, तर मोबाईलवर वाजलेली बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन. जून २०२३ मध्ये नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एका तरुणाला मारलं. गावात भीमजयंती काढली याचा राग त्यामागं होता, असा त्याच्या घरच्यांचा आरोप आहे. नामांतराच्या ठरावानंतर १९७८ मध्ये मराठवाड्यात आपल्या वस्त्या जाळल्या गेल्या, हे सांगणारे म्हातारे अजून हयात आहेत. अशा मुलखात गावाच्या मुख्य रस्त्यावरून वाजतगाजत जाणं हे रस्त्यावरचा हक्क सांगणं आहे. समाजशास्त्रज्ञ दुर्खीम यानं १९१२ सालीच लिहून ठेवलंय की माणसं एकत्र येऊन एका लयीत हलतात तेव्हा समूहाला स्वतःचं बळ कळतं. जातीयवाद्यांनी दुर्खीम वाचलेला नसेल, पण हे त्यांना आपल्या फ्लॅटवाल्या बांधवांपेक्षा लवकर कळलंय.

काहीजण धम्माचा दाखला देतात की बौद्धाला नाच-गाणं वर्ज्य. पंचशीलात असं कुठं आहे? नच्च-गीत-वादितापासून दूर राहण्याचं शील उपोसथाच्या अष्टशीलात येतं, ते त्या दिवशी ज्यांनी घेतलं त्यांनी पाळावं. पंचशीलात पाचवं शील मद्याचं आहे, आणि तिथं मात्र आम्ही कडक आहोत. पिऊन मिरवणुकीत येणाऱ्याला बाहेर काढा, खुशाल काढा. पण त्याच्या नावानं शेजारी नाचणाऱ्या शंभर जणांना गप्प करू नका.

डीजेबद्दल आमचीही तक्रार आहे, पण ती वेगळी. भिंतीएवढे बॉक्स लावून छाती हादरवली की गाण्यातला शब्दच ऐकू येत नाही. वामनदादांचा शब्द बुडाला तर उरतो नुसता धक्का, आणि तो कुठल्याही गाण्यात मिळतो. वस्तीत बाळंतीण असते, हृदयविकाराचा म्हातारा असतो. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद हा नियम सगळ्यांसाठी आहे, आपणही पाळावा. मात्र गणपतीत तोच नियम झोपी जातो आणि जयंतीलाच पोलिसांना डेसिबल आठवतो, हे आम्हाला दिसत नाही असं नाही. आणखी एक. डीजेला भरभक्कम सुपारी मोजतो आपण, आणि दोन-चार हलगीवाल्यांशी शंभर रुपयांवरून घासाघीस करतो. गाणं लिहिणाऱ्याच्या, गाणाऱ्या बाईच्या हातात तर काहीच पडत नाही.

पाली परिसरातल्या मंडळांसमोर आम्ही यंदा इतकंच ठेवलंय. वर्गणीतला ठरावीक वाटा आधी जिवंत वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांसाठी बाजूला काढावा. पहिला तास मिरवणुकीत बायाबापड्यांना पुढं नाचू द्यावं, पोरांनी कडं करून थांबावं. गाडीमागं पुस्तकांचा हातगाडा असावा, म्हणजे नाचून दमलेला माणूस तिथंच टेकेल. दोन मंडळांनी होकार दिलाय. तिसरं अजून डीजेवाल्याला दिलेला ॲडव्हान्स परत मिळतो का ते बघतंय.