शताधिपतीचे शब्द, शिपायाचा विसर

होटगी जंक्शनवर वाडीकडचे आणि गदगकडचे रूळ अलग होतात. आपल्या श्रद्धांजलीच्या भाषणांत एकाच माणसाचे आयुष्य तसेच अलग केले जाते, याला आमची हरकत आहे. लष्करात उमेदीची वर्षे घालवलेला, निवृत्तीनंतरही पहाटे धावणारा, रविवारची मिस्सा न चुकवणारा माणूस वारला, की बोलण्यात उरते ती फक्त मिस्सा. बाकीचे म्हणे ऐहिक!

हे ठरवले कोणी? तिमथीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात संत पौल शिपाई आणि खेळाडू यांना शेजारी बसवतो, शेतकऱ्यालाही. ख्रिस्तप्रसाद घेण्यापूर्वी आपण आपली अपात्रता कबूल करतो ती कफर्णहूमच्या शताधिपतीच्या, म्हणजे एका लष्करी अधिकाऱ्याच्या शब्दांत. जनरल सुनीत फ्रान्सिस रॉड्रिग्ज १९९० ते १९९३ या काळात भूदलप्रमुख होते, हे आपण अभिमानाने सांगतो. मग होटगीच्या हवालदारानेच काय घोडे मारले? ज्या शिस्तीने तो बुटांच्या नाड्या बांधी, त्याच शिस्तीने गुडघे टेकी. घरच्यांना विचारा.

वाचकहो, पुढचा मृत्युलेख लिहाल तेव्हा त्याची पलटण लिहा, आणि तो रोज किती मैल धावत असे तेही.