गळायलंय का पाझरायलंय?

मोटारीच्या इंजिनातले पाणी कमी होत आहे हे सांगण्यासाठी शिकल्यासवरल्या मराठी माणसापाशी आज एकच शब्द उरला आहे : लीक. टाकी लीक आहे, नळ लीक आहे, रेडिएटर लीक आहे. कालपरवापर्यंत फुटणारा परीक्षेचा पेपरही आता लीकच होतो. शब्द इंग्रजी आहे ही आमची तक्रार नव्हे. रेडिएटर, होज, क्लॅम्प, कूलंट हे शब्द मराठीत सुखाने नांदत आहेत, आणि त्यांना हुसकावून तेथे एखादे 'शीतकारक' बसवण्याचा उत्साह आम्हांला नाही. आमचे म्हणणे इतकेच की 'लीक' म्हटल्याने नेमके काय होत आहे ते कळत नाही. आणि अगदी मंद गतीने उतरणाऱ्या कूलंटचा शोध घेताना पहिल्याप्रथम तेच कळावे लागते.

पेडगाव हे परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे लहानसे स्थानक. सभोवार काळी जमीन. तेथे आमच्या घरच्या जुन्या डिझेल गाडीचे कूलंट आठवड्याला अर्ध्या लिटरच्या आसपास उतरू लागले, तेव्हा गॅरेजमधल्या तरुण कारागिराने बॉनेट उघडण्याआधीच विचारले, "काका, गळायलंय का पाझरायलंय?"

या प्रश्नात निदानाची अर्धी वाट सरलेली असते असे आम्हांला वाटते. गळणारा थेंब जेथून सुटतो त्याच्या खालीच पडतो. तेव्हा जमिनीवरच्या डागावरून वर पाहत जावे. ओघळणारा थेंब तसा प्रामाणिक नसतो. तो नळीच्या अंगाने, लोखंडाच्या कडेने घरंगळत कोठल्या कोठे जातो; उगम एका टोकाला आणि डाग दुसऱ्याच. ठिबकण्याला लय असते, म्हणजे मागे दाब स्थिर आहे. पाझरणाऱ्या जागी थेंब दिसतच नाही, नुसता ओलावा दिसतो, आणि तोही तापल्यावर वाळून जातो. झिरपणे म्हणजे आत मुरणे. तेथे बाहेर काही दिसण्याची आशाच सोडावी. मराठवाड्याला हा भेद पुस्तकातून शिकावा लागत नाही. १९७२च्या दुष्काळात कामावर गेलेल्या पिढीने पाझर तलाव बांधले. तेथे पाणी जमिनीत मुरावे हाच हेतू होता. जायकवाडीच्या डाव्या कालव्याकाठी ज्याचे रान आहे त्याला कालवा पाझरणे वेगळे आणि फुटणे वेगळे हे सांगावे लागत नाही. हेच ज्ञान बॉनेटखाली नेण्याची गरज असते, एवढेच.

थोडा हिशेब मांडू. एक मिलिलिटर म्हणजे साधारण वीस थेंब. मिनिटाला एकच थेंब जात असेल, तर दिवसाला १४४० थेंब, म्हणजे सुमारे ७२ मिलिलिटर. आठवड्याला अर्धा लिटर. मिनिटाला एक थेंब! गाडीजवळ उभे राहून वाट पाहणारा माणूस दुसऱ्या थेंबाआधीच कंटाळून निघून जाईल. शिवाय तो थेंब जमिनीपर्यंत पोहोचेलच असे नाही. तापलेल्या धातूवर पडला तर त्यातले पाणी उडून जाते आणि मागे रंगीत, पांढुरकी खपली राहते. म्हणून जाणता कारागीर पाणी शोधत नाही, पाण्याचा माग शोधतो. अंगणात शहाबादी फरशी असेल तर हिरवा किंवा गुलाबी डाग उठून दिसतो. पेडगावच्या काळ्या मातीत तो मिनिटभरात नाहीसा होतो. त्यात उन्हाळ्यात एसीचे पाणीही गाडीखाली ठिबकत असते. ते निर्दोष पाणी. पण त्याने कितीजणांना चकवले असेल कोण जाणे. दोन्हींतला फरक बोटांच्या चिमटीत कळतो : कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे तो थेंब किंचित बुळबुळीत लागतो, पाणी तसे लागत नाही. (जिभेवर ठेवून मात्र पाहू नये. ते गोड असते आणि विषारीही.)

दाबाची गोष्टही ध्यानात घेतली पाहिजे. रेडिएटरचे झाकण हे निव्वळ झाकण नव्हे. कुकरच्या शिट्टीसारखे ते आतला दाब धरून ठेवते. त्या दाबामुळे आणि ग्लायकॉलमुळे आतले द्रव १०० अंशांना न उकळता बरेच पुढे जाऊन उकळते. परभणीच्या मे महिन्यात ही सवलत फार मोलाची. पण याचाच अर्थ असा की गाडी थंड असताना जी फट मिटलेली असते ती दाब चढल्यावर उघडते; आणि काही फटी याच्या उलट, रबर व धातू थंडीत आकसल्यावर पहाटेच उघडतात. म्हणून पातळी रोज एकाच वेळी, इंजिन पूर्ण गार असताना पाहायची आणि टाकीवर पेनाने खूण करायची. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

आमचा खरा आक्षेप आहे तो वरून ओतण्याच्या सवयीवर. कमी झाले, ओतले. पुन्हा कमी झाले, पुन्हा ओतले. बोअरचे जड पाणी ओतले की आत क्षार धरतात, कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये विरळ होतात आणि एका फटीच्या दोन होतात. यावरचा जुना ट्रकवाल्यांचा तोडगा म्हणजे रेडिएटरमध्ये मूठभर हळद. जखमेवर लावतात तीच. गंमत अशी की ती खरोखर काही काळ फट बुजवते. दुःख असे की फट कोणती आणि पाण्याची वाट कोणती हे हळदीला कळत नाही. बाटलीतून मिळणाऱ्या आधुनिक 'गळतीनाशकां'चेही पुष्कळसे असेच. पद्मिनी आणि अँबॅसडरच्या काळी तांब्यापितळेच्या रेडिएटरला डाग देता येत असे, आणि डाग देणाऱ्याला जागा नेमकी दाखवावीच लागे. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. आताच्या रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची आणि बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या. तेथे डाग चालत नाही, अख्खा भाग बदलतात. जागा शोधण्याची निकड संपली तसे शोधण्याचे शब्दही गेले, असा आमचा संशय आहे.

कोणी म्हणेल, शब्दांचे एवढे काय, आता उपकरणे आहेत. आहेतच. हातपंपाने रेडिएटरमध्ये दाब भरून काट्याकडे पाहता येते. कूलंटमध्ये चमकणारा रंग मिसळून निळ्या-जांभळ्या दिव्याखाली फट उजळवता येते. पण काटा 'जात आहे' एवढेच सांगतो, आणि दिवा कोठे धरायचा हे माणसालाच ठरवावे लागते. आमच्या गाडीत काटा सावकाश खाली आला आणि बाहेर मात्र सर्वत्र कोरडे. वॉटर पंपाच्या पोटाशी एक लहान भोक असते, आतले सील झिजले की तेथून पाझर फुटतो, तेही कोरडे. कारागीर म्हणाला, "मग बाहेर नाही, आत झिरपायलंय." त्या एका क्रियापदाने अर्धी गाडी शोधातून वजा झाली.

आत म्हणजे एकतर इंजिनात. हेड गॅस्केट गेले असेल तर ऑइल ताकासारखे दिसू लागते किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो; कूलंटच्या टाकीतली हवा निळ्या द्रवातून काढली तर जळालेल्या वायूमुळे त्या द्रवाचा रंग बदलतो. आमचा द्रव निळाच राहिला. हा सगळ्यात मोठा दिलासा, कारण हेड उतरवण्याचा खर्च जुन्या गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. मग उरली माणसे बसतात ती जागा. डॅशबोर्डमागे हीटरची छोटी जाळी असते आणि पुष्कळ गाड्यांत, हीटर लावा न लावा, तिच्यातून कूलंट अखंड फिरत असते. परभणी जिल्ह्यात हीटर कोण लावणार! न वापरलेली वस्तू बिघडत नाही अशी आपली समजूत. डावीकडच्या पायाखालचे कार्पेट उचलले तेव्हा खालचे फोम चिकट ओले होते. सकाळी काचेवर आतून धरणारा तेलकट धूसरपणा तेथूनच येत होता.

जाळी बदलायला दीड दिवस लागला, कारण डॅशबोर्ड सगळा उतरवावा लागतो. मजुरी सुट्या भागाहून जास्त झाली आणि ती योग्यच होती. काढलेले जुने कूलंट घमेल्यात होते. आसपास शेळ्या बांधलेल्या, दोन कुत्री फिरत असलेली. कारागिराने घमेल्यावर पत्रा टाकला, पत्र्यावर दगड ठेवला आणि मग हात धुतले.