माती टाकली म्हणजे संपले नव्हे

लोणावळ्यात नौदलाची 'आयएनएस शिवाजी' ही संस्था १९४५ पासून आहे. देहूरोडला लष्कराची छावणी आहे. अशा परिसरातील जुनी कचराभूमी बंद करताना वरून माती लोटली की काम संपत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनुसार साध्या कचराभूमीवरही ६० सेंटिमीटर चिकणमातीचा, त्यावर निचऱ्याचा १५ आणि हिरवळीसाठी ४५ सेंटिमीटरचा थर द्यावा लागत असे. पुढे निदान १५ वर्षे देखरेख ठेवावी लागत असे. मावळच्या पावसाचे पाणी कचऱ्यातून झिरपून विहिरीत उतरू नये, हा त्यामागील हेतू.

अशा जागेच्या उतारावर आपली विहीर असल्यास पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. उकळल्याने जंतू मरतात. शिसे मात्र जात नाही, उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. उतारवयात मंदावलेल्या मूत्रपिंडांना हा भार सोसत नाही.

गुरांमागे फिरताना लष्करी बनावटीची वस्तू दिसल्यास तिला हात लावू नये, भंगार म्हणून घरी आणू नये. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट होऊन मजुरांसह सहा जण दगावले. आल्या पावली मागे फिरावे, ११२ क्रमांकावर कळवावे. आणि नातवंडांनाही हेच समजावून सांगावे.