जेवलासा काय?

ललितापंचमीला आई कोल्हापुरात टेंबलाईच्या टेकडीवर गेली होती. कोहळा फोडायचा विधी व्हायच्या आधीच तिला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. शेजारच्या बाईनं पिशवीतली साखर तोंडात घातली म्हणून निभावलं. नवरात्राचा उपवास होता, पण सकाळची शुगरची गोळी तिनं नेमानं घेतली होती. 'गोळी चुकवायची नाही' एवढंच तिला ठाऊक.

ती गोळी ग्लिमेपिराइड. स्वादुपिंडाला ती इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न आहे की नाही, हे बघत नाही. सोबतची मेटफॉर्मिन एकटी असती तर साखर सहसा इतकी उतरत नाही. या गोळ्या आम्ही चार वर्षं एकाच मेडिकलमधून आणतोय. दर महिन्याला काउंटरवर बोलणंही होतं: किती टक्के कमी करणार, सुट्टे आहेत का, दुसऱ्या कंपनीची चालेल का? 'ही उपाशीपोटी घेऊन बसू नका, उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा', ही दोन वाक्यं तेवढी राहून गेली.

खरं तर २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनुसार नोंदणीकृत फार्मासिस्टनं चिठ्ठी पाहून पेशंटशी बोलायचं असतं. औषध कसं घ्यायचं, डोस चुकला तर काय, ठेवायचं कुठं, हे सगळं त्यात येतं. शुगरच्या पेशंटला तर त्यावाचून गत्यंतर नाही. इन्सुलिन मिलिलिटरला ४० युनिटचं मिळतं, तसं १०० युनिटचंही. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजनं मोजलं, की डोस थेट अडीचपट! न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यायचं. आणि आमच्या या गुळाच्या जिल्ह्यात एक वाक्य जादा हवं: 'साखर बंद, पण गूळ चालतोय' हे खरं नाही.

दुकानदाराचीही बाजू आहे. संध्याकाळी सातला काउंटरवर आठ हात पुढं आलेले असतात. सल्ल्याचे पैसे कुणी देत नाही. कमाई गोळीवर, आणि तीही आपण घासाघीस करून कमी करतो. सवलत मागायला आपल्याला लाज वाटत नाही, 'ही गोळी कधी घ्यायची?' विचारताना मात्र मागच्या माणसाचा खोळंबा आठवतो.

डॉक्टरांनी उपवासाच्या दिवसाचा डोस वेगळा लिहून दिला. ती चिठ्ठी घेऊन यावेळी आईलाच सोबत नेलं. मेडिकलमधला पोरगा गोळ्या काढायला लागला, तेव्हा म्हटलं, 'जरा फार्मासिस्टना बोलवता?' आतून एक ताई आल्या. चिठ्ठी वाचली, पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'न्याहारी ताटात आल्यावरच'. मग आईकडं बघून विचारलं, 'आज्जी, जेवलासा काय?'

आपल्याकडं हा प्रश्न दारात आलेल्या कुणालाही विचारतात. औषधाच्या काउंटरवर मी तो पहिल्यांदाच ऐकला.