आधी झलक, मग तिकीट

पूर्वी जत्रेत तंबूचे टॉकीज लागले की गाडीवरचा भोंगा गावभर ओरडत फिरे आणि पोरे पत्रके वेचीत मागे धावत. मारामारी आहे, गाणी आहेत, एवढे कळले की पुरे. आता झलक मोबाईलवर येते. आधी मिनिटभराचा टीझर. तो गोष्ट सांगत नाही, नुसती भूक चाळवतो. मागाहून दोन-अडीच मिनिटांचा ट्रेलर. मधे एखादे गाणे सोडतात, आणि खरी गर्दी बहुधा तेच खेचते.

२०१६ चा 'सैराट' आठवा. आपल्या परंड्याला लागून असलेल्या करमाळा तालुक्यातले नागराज मंजुळे दिग्दर्शक, गाणी अजय-अतुल यांची. 'झिंगाट'वर पोरे नाचली. झलकीत मात्र शेवटाचा पत्ता नव्हता. प्रेमकथा म्हणून लेकरांसह गेलेली माणसे मुकी होऊन बाहेर आली. ही फसवणूक का? मला नाही वाटत. आधी सांगितला असता तर तो शेवट काळजाला लागलाच नसता. पण बरोबर लहान लेकरू असेल तर झलकीवर जाऊ नका, पाहून आलेल्याला विचारा. बार्शी-सोलापूर गाठायचे म्हणजे एस.टी.चे भाडे आणि कामाचा एक खाडा असतोच.